थ्रीडीत बसलेला जिना घरात का बसत नाही?

वाचकांचं पत्र:
नमस्कार ताई. आम्ही दोघं आणि सासूबाई असे तिघं राहायला जाणार आहोत, असं दोन मजली घर बांधायचं ठरलंय. बरेच दिवस रात्री बसून मी एका ऑनलाइन सॉफ्टवेअरवर घराचा प्लॅन काढला. थ्रीडीत घर इतकं छान दिसतं की घरातले सगळे खूश होते. पण आर्किटेक्टना दाखवल्यावर त्या म्हणाल्या, यातला जिना चढता येणार नाही आणि मागच्या तीन खोल्या १० फुटांच्या राहणारच नाहीत. मग सॉफ्टवेअरने ते काढू तरी कसं दिलं? सासूबाई वॉकर घेऊन चालतात, त्यांची खोली खालीच हवी, एवढं मात्र पक्कं आहे. मी पैसे भरून दुसरं चांगलं सॉफ्टवेअर घेऊ का? की हा नाद सोडून सगळं आर्किटेक्टवर सोपवू? आत्ताच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत प्लॅन प्रमाणात छापताही येत नाही. प्लॅनची पीडीएफ सोबत जोडली आहे. आणि हो, पश्चिमेला मोठी खिडकी ठेवावी की नाही यावरून माझा आणि मिस्टरांचा वाद चाललाय.

उत्तर:
नाद मुळीच सोडू नका. तुमची पीडीएफ मी नीट पाहिली आणि त्यात खूप काही चांगलं आहे. सासूबाईंच्या खोलीतून हाक मारली तर स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढंच अंतर आहे. त्यांच्या पलंगापासून हॉलपर्यंत वाटेत एकही पायरी नाही. दुपारी त्यांना झोप लागावी म्हणून त्यांची खोली तुम्ही मुख्य दारापासून लांब ठेवलीय. पहिल्या भेटीत कुठल्याही आर्किटेक्टला हे सुचलं नसतं, कारण तुमचं घर दिवसभर कसं चालतं ते तुम्हालाच ठाऊक आहे. चुकली आहेत ती मापं, आणि मापं दुरुस्त करता येतात.

सॉफ्टवेअरने काढू कसं दिलं, हा प्रश्न रास्त आहे. घरगुती वापराची बहुतेक सॉफ्टवेअर आपण सांगू ते निमूटपणे काढतात. भिंत कशाची आहे, तिच्यावर कशाचा भार आहे, जिना चढताना डोकं वर आपटेल का, हे ती तपासत नाहीत. त्यांच्या लेखी जिना ही सोफ्यासारखीच एक वस्तू असते. ओढला की लांब होतो, दाबला की आखूड होतो. तपासायचं काम आपल्याकडेच राहतं. त्यासाठी शाळेतल्या गणितापेक्षा जास्त काही लागत नाही.

मागच्या तीन खोल्यांपासून सुरुवात करू. घराची बाहेरून रुंदी ३० फूट आणि खोल्या प्रत्येकी १० फूट, असा हिशेब तुम्ही धरलाय. म्हणजे भिंतींना जागाच उरली नाही. बाहेरच्या दोन भिंती ९ इंची आणि मधल्या दोन साडेचार इंची विटेच्या धरल्या, तर २७ इंच तिथेच गेले. चार भिंतींच्या आठ बाजूंना अर्धा-अर्धा इंच प्लास्टर म्हणजे आणखी ४ इंच. ३० फुटांतून २ फूट ७ इंच वजा करून उरलेल्याचे तीन भाग केले, की एकेक खोली ९ फूट दीड इंचाच्या आसपास येते. फरक किरकोळ वाटतो. पण ६ फुटी पलंग मधोमध ठेवला तर १० फुटांच्या खोलीत दोन्ही अंगांना दोन-दोन फूट मिळतात, आणि खऱ्या खोलीत जेमतेम १९ इंच. रोज पलंगाच्या कडेने आडवं होऊन चालावं लागलं की हे पाच इंच कळतात.

म्हणून पहिली रेघ ओढायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन भिंतींची जाडी भरा. भिंत कशाची बांधणार, यावर ती ठरते. वीट, ब्लॉक, लाकडी सांगाडा, प्रत्येकाची जाडी निराळी. ती आर्किटेक्टना विचारून घ्या आणि प्लास्टरसकट धरा. आणखी एक गोष्ट तपासून घ्या, कारण ती कोणी सांगत नाही. तुम्ही ३ मीटरची भिंत म्हणता तेव्हा सॉफ्टवेअर ते माप आतून धरतं, मधून धरतं की बाहेरून? हे कळायला एक साधी परीक्षा आहे. २३० मिलिमीटर जाडीच्या भिंतींनी ३ मीटर बाय ३ मीटरची एक चौकोनी खोली काढा आणि आतलं माप वाचा. ३००० दिसलं तर माप आतून धरलं जातंय. २७७० आलं तर भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत. २५४० आलं तर बाहेरून. एकदा हे कळलं की पुढच्या सगळ्या आकड्यांचा अर्थ लागतो.

तुमच्या पीडीएफमध्ये अजून एक चूक आहे आणि ती फार जणांच्या हातून होते. सासूबाईंच्या खोलीची रुंदी तुम्ही १०.६ फूट लिहिली आहे. तुमच्या मनात १० फूट ६ इंच असणार. सॉफ्टवेअर मात्र त्याला दशांश समजतं, आणि १०.६ फूट म्हणजे १० फूट ७ इंचांहून थोडं जास्त. १० फूट ६ इंच हवे असतील तर १०.५ टाकायला हवं. पुढे एखाद्या भिंतीला कोणी १०.११ असं लिहिलं तर घोळ पाऊण फुटाच्याही पुढे जातो. माझं ऐकाल तर सगळं मिलिमीटरमध्ये काढा. दशांश चिन्हाची भानगडच राहत नाही आणि बांधकामाचे नकाशेही बहुतेक ठिकाणी मिलिमीटरमध्येच असतात. घरच्यांना समजावताना फुटांत बोला. १ फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. इथून पुढे मीही मिलिमीटरमध्येच बोलते.

भिंत माउसने ओढत नेऊ नका. ओढायला सुरुवात करा, दिशा धरा आणि लांबी कीबोर्डवरून टाइप करा. स्वीट होम थ्रीडी या घराचे प्लॅन काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत काढताना एंटर दाबलं की लांबी लिहायची चौकट उघडते. स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आकडा टाइप करून एंटर दाबायचं. तुमच्या प्लॅनमध्ये ३४८७, २९१३ अशी मापं दिसतात, म्हणजे हात जिथे थांबला तिथे भिंत थांबली. असे आकडे जमत जातात आणि शेवटी कोपरा जुळत नाही. शक्य तिथे ५० किंवा १००च्या पटीत मापं ठेवा. एखादा विचित्र आकडा दिसला की मग तो लगेच डोळ्यात भरेल आणि चूक सापडेल.

आता जिना. आर्किटेक्टबाईंचं म्हणणं अगदी बरोबर आहे. ते का, हे एकदा नीट समजून घेतलंत की पुढे कधीच फसणार नाही.

खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत उंची ३००० मिलिमीटर धरू. ही खोलीची उंची नव्हे. यात वरचा स्लॅब आणि त्यावरची फरशीही आली. एका पायरीचा चढ १६५ ते १७० असला की सगळ्यांना सोसवतो. ३००० भागिले १८ म्हणजे १६७च्या जरा आत, तेव्हा चढ झाले १८. पाऊल टेकायच्या जागा मात्र १७ लागतात, कारण अठरावा चढ चढलात की तुम्ही वरच्या मजल्यावर आलात. एका पावलाला २७० धरलं तर १७ गुणिले २७० म्हणजे ४५९० मिलिमीटर, म्हणजे साधारण १५ फूट. तुम्ही जिन्याला १० फूट दिलेत. सॉफ्टवेअरने त्या १० फुटांत १७ पायऱ्या चेपून बसवल्या आणि प्रत्येक पायरी १८ सेंटिमीटरची झाली. एवढ्याशा जागेत मोठ्या माणसाचं पाऊल मावत नाही. उतरताना टाच टेकली तर बोटं हवेत राहतात, आणि पडण्याची भीती चढण्यापेक्षा उतरतानाच जास्त असते.

चढ आणि पाऊल यांचा मेळ बसतो की नाही, हे पाहायला एक जुनं सूत्र आहे. सतराव्या शतकातले फ्रेंच वास्तुविशारद फ्रांस्वा ब्लोंदेल यांच्या नावाने ते ओळखलं जातं. दोन चढ आणि एक पाऊल यांची बेरीज माणसाच्या चालीएवढी यावी, आज ती साधारण ६०० ते ६४० धरतात. आपल्या हिशेबात १६७ दुणे ३३४ अधिक २७० म्हणजे ६०४. चालेल.

१५ फूट सरळ जिन्याला जागा नसेल तर मधे वळणारा जिना घ्या. नऊ चढ, मग लँडिंग म्हणजे वळायची सपाट जागा, मग उलट दिशेने नऊ चढ. प्रत्येक टप्प्यात पावलं आठ, म्हणजे ८ गुणिले २७० बरोबर २१६०. त्यापुढे १००० चं लँडिंग. लांबी ३१६० झाली, म्हणजे तुम्ही राखून ठेवलेल्या १० फुटांपेक्षा फक्त चारेक इंच जास्त. रुंदी मात्र वाढेल. दोन टप्पे प्रत्येकी १००० आणि मधे १०० ची फट धरली तर २१००. खाली जिना सुरू होतो तिथे आणि वर संपतो तिथे उभं राहायला मीटरभर जागा सोडा, ती यात धरलेली नाही. तुमच्या प्लॅनमध्ये जिन्याशेजारी जे स्टोअर आहे ते आत घेतलं तर हा जिना बसतो, आणि स्टोअरचं सामान लँडिंगखाली जाऊ शकतं.

जिन्याचं अजून एक अंग प्लॅनमध्ये दिसतच नाही, ते म्हणजे डोक्यावरची मोकळी उंची. ती कुठेही २००० च्या खाली येऊ नये. वरचा स्लॅब आणि फरशी मिळून २०० धरले तर स्लॅबचा तळ खालच्या फरशीपासून २८०० वर आहे. चौथ्या पायरीवर उभं राहिलात तर डोक्यावर २१३३ उरतात. पाचव्या पायरीवर १९६७, म्हणजे किमान उंचीच्याही खाली. तेव्हा चौथ्या पायरीपुढे वर स्लॅब असता कामा नये. तिथून भोक सुरू व्हायला हवं, आणि भोकाच्या कडेला खाली उतरलेला बीम आला तर त्याहूनही आधी. तुमच्या वरच्या मजल्याच्या प्लॅनमध्ये नेमकी तिथेच बाथरूम आहे. सॉफ्टवेअरमध्ये उभा छेद काढायची सोय असेल तर जिन्यातून छेद काढून पाहा. नसेल तर चौकटीच्या कागदावर पायऱ्या काढा. काम तेवढंच होतं.

सासूबाईंच्या खोलीबद्दल मला मनापासून थोडं जास्त सांगायचंय. दाराला तुम्ही ९०० दिलेत आणि तुम्हाला वाटतंय की ९०० मोकळे मिळतील. सॉफ्टवेअरमध्ये दाराचं माप म्हणजे बहुतेक वेळा भिंतीतल्या भोकाचं माप. त्यातून चौकटीचे दोन्ही बाजूंचे साठ-साठ गेले, काटकोनात उघडलेल्या फळीच्या जाडीचे ३५-४० गेले. हातात राहिले ७४० च्या आसपास. वॉकर त्यातून कसाबसा जाईल, व्हीलचेअर अडकण्याची भीती राहील. व्हीलचेअरसाठी मोकळी रुंदी निदान ८०० ते ८१५ धरतात. म्हणून या खोलीचं आणि तिच्या बाथरूमचं भोक १००० चं करा. आज व्हीलचेअरची गरज नाही, हे मला कळतं. पण घर वर्षानुवर्षांसाठी बांधतो आपण, आणि भिंतीतलं भोक नंतर वाढवणं फार त्रासाचं असतं.

त्या बाथरूमचं दार आत उघडतंय, ते आधी बदला. आत कोणी घसरून पडलं तर तेच दार अडवून बसेल आणि बाहेरच्याला आत जाता येणार नाही. दार बाहेर उघडू दे किंवा सरकतं करा. सरकतं केलंत तर ते भिंतीच्या ज्या भागावर सरकणार तिथे स्विचबोर्ड नको. कमोडचा मध्य एका बाजूच्या भिंतीपासून ४०० ते ४५० वर ठेवा, म्हणजे आधाराचा दांडा हाताशी येतो. दारात उंबरा नको. आणि सॉफ्टवेअरमध्ये १५०० व्यासाचं एक वर्तुळ काढून ते बाथरूममध्ये आणि पलंगाशेजारी सरकवून पाहा. व्हीलचेअर पूर्ण वळायला एवढी जागा लागते. वर्तुळ कुठल्याही वस्तूवर न चढता बसलं तर खोली भविष्यासाठीही तयार आहे.

हीच युक्ती घरभर वापरा. सगळे फर्निचर मांडतात, पण फर्निचरसमोरची हवा कोणी मांडत नाही. एक साधा चौकोन काढा, त्याला फिका रंग द्या, आणि जिथे माणूस उभा राहणार, वाकणार किंवा दार उघडणार तिथे तिथे तो ठेवा. कपाटासमोर ९००, जेवणाच्या टेबलाभोवती खुर्ची मागे सरकवायला ७५० ते ९००, ओटा आणि समोरच्या कपाटांमध्ये १०५० ते १२००, चालायच्या वाटेला ९०० ते १०००. हे फिके चौकोन एकमेकांवर चढले तरी एक वेळ चालतं, दोन माणसं आळीपाळीने जागा वापरतील. पण चौकोन भिंतीवर किंवा वस्तूवर चढला की तिथे रोजची अडचण ठरलेली. तुमच्या स्वयंपाकघरात फ्रिजचं दार आणि मागचं दार एकाच जागेवर उघडतंय, ते असे चौकोन ठेवल्याबरोबर दिसेल.

फर्निचर तयार संग्रहातून घेताना त्याचं माप वाचल्याशिवाय ठेवू नका. बऱ्याच संग्रहांतले सोफे आणि पलंग वेगळ्या मापांचे असतात, आणि ते कोपरा धरून लहान करता येतात, हीच मोठी गोची. खोलीत मावेना म्हणून पलंग नकळत १७०० लांबीचा होतो. आत्ताच्या घरात जे सामान आहे आणि नव्या घरात येणार आहे, ते टेपने मोजून घ्या. लांबी, रुंदी, उंची, आणि दार किंवा खण पूर्ण उघडल्यावर ते पुढे किती येतं ते. त्या मापांचे साधे ठोकळे बनवून नाव द्या. दिसायला ओबडधोबड असतील, पण खरे असतील.

प्लॉटबद्दल. तुम्ही घर रिकाम्या पांढऱ्या पडद्यावर काढलंय. आधी प्लॉटचा मोजणी नकाशा स्कॅन करून पार्श्वभूमीला घ्या आणि त्यावर घर बसवा. मोबाइलने तिरका फोटो काढलात तर एक बाजू ताणली जाते, म्हणून स्कॅनच करा. नकाशावरची सर्वांत लांब माहीत असलेली बाजू देऊन प्रमाण ठरवा. मग तिला काटकोनात असलेली दुसरी बाजू मोजून पाहा. तीही बरोबर आली तरच पुढे जा. हद्दीपासून किती जागा सोडायची याचे नियम ठिकाणागणिक बदलतात, ते आर्किटेक्टकडून घेऊन हद्दीच्या आत एक रेघ मारून ठेवा. घराची एकही भिंत त्या रेघेबाहेर जाऊ द्यायची नाही.

त्याच वेळी उत्तर दिशाही नीट लावा. नकाशाची वरची बाजू म्हणजे उत्तर असेलच असं नाही. स्वीट होम थ्रीडीत होकायंत्र फिरवून अक्षांश-रेखांश देता येतात, स्केचअपमध्ये जागा आणि तारीख-वेळ दिली की सावल्या पडतात. २१ जून आणि २२ डिसेंबर, या दोन दिवशी सकाळ, दुपार, संध्याकाळ कुठल्या खिडकीतून ऊन येतं ते पाहा. तुम्ही आणि तुमच्या मिस्टरांमध्ये पश्चिमेच्या मोठ्या खिडकीवरून वाद चाललाय, असं पत्राच्या शेवटी लिहिलंत. तो वाद इथे मिटेल. मतं बाजूला ठेवून दोघांनी मिळून संध्याकाळी पाचचं ऊन पाहा आणि मग ठरवा.

वरचा मजला काढताना खालच्या मजल्याच्या भिंती फिक्या दिसत राहतील अशी सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. ती चालू करा. शक्यतो भिंतीवर भिंत येऊ दे आणि बाथरूमवर बाथरूम. तुमची वरची बाथरूम खालच्या हॉलच्या मधोमध येते. मैलापाण्याच्या आडव्या पाइपला उतार लागतो. ४० ला १ उतार धरला तर ४ मीटरच्या पाइपला १०० मिलिमीटर उतरावं लागतं, वर पाइपची स्वतःची जाडी. तेवढा पाइप हॉलच्या छताखाली लोंबणार आणि तो झाकायला छत खाली घ्यावं लागणार. बाथरूम सासूबाईंच्या बाथरूमवर आणली की हा प्रश्न तर सुटतोच, जिन्याच्या डोक्यावरची अडचणही जाते. बीम-कॉलम कुठे येणार हे मात्र तुम्ही ठरवू नका. ते इंजिनिअरचं काम, त्यात अंदाजाला जागा नाही.

थ्रीडी वाईट नाही. फक्त ते शेवटी पाहायचं आणि कॅमेऱ्याची सेटिंग तपासून पाहायचं. दृश्याचा कोन मोठा ठेवला की लहान खोलीसुद्धा ऐसपैस दिसते, आणि देखण्या चित्रांसाठी तो मुद्दाम मोठा ठेवलेला असतो. तो ६० अंशांच्या आसपास आणा. फिरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची उंची तुमच्या उंचीप्रमाणे लावा. मग एकदा ती ११५० करून सासूबाईंच्या पलंगावर बसा. खिडकीतून त्यांना आकाश दिसतं की नुसती खिडकीखालची भिंत? तुमच्या प्लॅनमध्ये खिडकीची खालची कड ११०० वर आहे, म्हणजे बसल्या जागेवरून त्यांना अंगणातली जमीन दिसणार नाही. ती ६०० ते ७०० वर आणून बाहेरून मजबूत गज लावता येतील का, हे आर्किटेक्टना विचारा. दिवसातला बराच वेळ ज्यांना त्या खोलीत काढायचाय, त्यांच्यासाठी हा बदल माझ्या मते घरातल्या इतर कुठल्याही सजावटीपेक्षा मोलाचा आहे.

प्लॅन पडद्यावर मोठा-लहान होत राहतो, म्हणून तो प्रमाणात छापून पाहायलाच हवा. ए-३ कागदावर १:५० प्रमाणात तुमची ३० फूट रुंदी १८३ मिलिमीटरमध्ये येते, व्यवस्थित मावेल. प्लॅनच्या कोपऱ्यात ५ मीटरची एक रेघ काढून ठेवा. छापल्यावर ती पट्टीने बरोबर १०० मिलिमीटर भरली पाहिजे. ९४-९५ भरली तर प्रिंटरने कागदात बसवण्यासाठी चित्र आक्रसलंय, ‘प्रत्यक्ष आकार’ निवडून पुन्हा छापा. ज्या दोन-तीन जागांबद्दल मन साशंक आहे, त्या मोकळ्या जमिनीवर खडूने खऱ्या मापात आखा. जिन्याचं लँडिंग आणि सासूबाईंची बाथरूम तर नक्कीच. सासूबाईंना वॉकरसह त्या रेघांमध्ये वळून पाहू दे. त्या जे सांगतील ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसणार नाही.

राहिला प्रश्न दुसऱ्या सॉफ्टवेअरचा. तुमच्या चुका स्वस्त-महाग सॉफ्टवेअरमुळे झालेल्या नाहीत, त्यामुळे पैसे भरून त्या जाणार नाहीत. पण आत्ताच्या ऑनलाइन सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत प्रमाणात छापता येत नाही असं तुम्ही लिहिलंत, तेवढ्यासाठी बदल करायला हवा. स्वीट होम थ्रीडी मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, इंटरनेटशिवाय चालतं आणि फाइल आपल्याच संगणकावर राहते. तुमच्या कामाला ते पुरेसं आहे. स्केचअप घराचा बाहेरचा आकार, छपराचा उतार, छज्जे यांचा विचार करायला फार छान, पण भिंती-दारांचा प्लॅन काढायला नवख्याला वेळ लागतो. ऑटोकॅड, रेव्हिट, आर्किकॅड ही रोज हेच काम करणाऱ्यांची साधनं आहेत. एका घरासाठी ती शिकायला बसू नका. कुठलंही निवडा, पण आधी एकच खोली काढून ती प्रमाणात छापून पाहा आणि फाइल बाहेर काढून पाहा. ते जमलं तरच पूर्ण घर त्यात काढा. दर मोठ्या बदलाआधी तारीख घालून नवी प्रत ठेवा, कारण गेल्या आठवड्यातला टाकून दिलेला जिना कधी कधी परत हवा असतो.

आर्किटेक्टवर सगळं सोपवू का, असं विचारलंत. निम्मं तुम्ही करा. प्रत्येक मजल्याचा मापांसह प्लॅन पीडीएफमध्ये द्या, आणि सॉफ्टवेअरमधून डीएक्सएफ फाइल, म्हणजे प्लॅन एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची फाइल, निघत असेल तर तीही द्या. हा प्रकार १९८२ पासून ऑटोकॅडबरोबर आलाय आणि बहुतेक आर्किटेक्टची सॉफ्टवेअर तो उघडतात. पीडीएफ तरीही हवीच, कारण फाइल दुसरीकडे उघडताना एकक बदललं तर तिच्यावरून ताळा करता येतो. सोबत एका कागदावर घरातल्या माणसांचा दिवस लिहा. कोण किती वाजता उठतं, कोणाला कुठे शांतता लागते, एकाच वेळी किती जण स्वयंपाकघरात असतात. त्याखाली ज्यावर तडजोड नाही अशा गोष्टी, आणि त्यापुढे प्रत्येकीचं कारण. ‘खोली इथेच हवी’ असं लिहिलंत तर त्यांचे हात बांधले जातात. ‘रात्री हाक ऐकू यायला हवी’ असं लिहिलंत तर त्या कदाचित तुमच्यापेक्षा चांगली जागा शोधून देतील.

प्लॅनवर जे तुम्ही टेपने मोजलंय ते काळ्या शाईत आणि जो अंदाज आहे तो लाल शाईत ठेवा. पुढच्या भेटीत सगळ्यात आधी जिन्याची नवी जागा त्यांच्याबरोबर पक्की करून घ्या, कारण दोन्ही मजले तिच्याशी बांधलेले आहेत. बाकीच्या भिंती त्यानंतर हलवता येतील.